एका पत्रात एकच त्रुटी

सिद्दीक आतार यांना राग येत नाही, असं शिरूरमधल्या पुष्कळ लोकांचं मत होतं. तेहतीस वर्षं एकाच कार्यालयात नोकरी केलेला माणूस. कपाळाला आठी नाही, आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही. बाजारात भाजीवाल्यानं जुडी कमी दिली तरी ते फक्त जुडीकडे बघत, आणि भाजीवालाच ओशाळून वर चार काड्या टाकत असे. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात मात्र त्यांना राग आला, आणि तो आल्यावर त्यांचं त्यांनाच कळेना की इतकी वर्षं तो होता कुठं.

मूळ गाव पाटस. वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला. गाळप सुरू असेपर्यंत घरात पगार, मग पावसाळा संपेपर्यंत मिळेल ते काम. सिद्दीकला चित्रकलेची आवड होती, पण चित्रं काढून घर चालत नाही हे सांगायला घरात कुणाची गरज नव्हती. दौंडला आयटीआयमधून त्यांनी आरेखकाचा कोर्स केला आणि बांधकाम परवानग्या देणाऱ्या नियोजन सेवा कक्षात अनुरेखक म्हणून लागले. अनुरेखक म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्याची हुबेहूब नक्कल उतरवणारा. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांचं काम या एका कक्षाकडे होतं. नकाशांच्या प्रती काढायच्या अमोनिया प्रिंटच्या उग्र वासात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मेहरुनशी लग्न झालं तेव्हा सासरच्यांनी विचारलं होतं, मुलगा काय करतो? मामांनी सांगितलं, सरकारात रेघा मारतो. मेहरुन अजून हे सांगून हसते.

त्या काळी एक गोष्ट घडली. खुटबावचे हौशीराम नावाचे एक आजोबा घराच्या परवानगीसाठी यायचे. खुटबावहून चौफुला, तिथून दुसरी गाडी न्हावऱ्यामार्गे शिरूर. पहिल्या खेपेला त्यांना सांगितलं, उतारा नवा आणा. दुसऱ्या खेपेला, नकाशावर दिशा नाही. तिसऱ्या खेपेला आणखी काही. पाचव्या खेपेला आजोबा खिडकीशी आले, टोपी काढून घाम पुसला आणि तरुण सिद्दीकला म्हणाले, "पोरा, मी काय खोटं बांधाय न्हाई निघालो. तुझ्या मनात काय काय हाय ते एकदाच सांग की. मी समदं एका पिशवीत घालून आणतो."

सिद्दीकनी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एका फुलस्केप कागदावर यादी केली. परवानगीच्या प्रकरणात काय काय लागतं, कुठं काय चुकतं, असे चौदा मुद्दे. सुवाच्य अक्षर, क्रमांक लाल शाईत. ती खिडकीवर चिकटवली आणि मनाशी एक पद्धत ठरवली. कुणी अर्ज घेऊन आलं की खिडकीतच यादीवरून बोट फिरवायचं, जे कमी असेल ते सगळं तिथंच सांगायचं. लोक एका फेरीत मोकळे होऊ लागले. साहेब बदलत गेले, अमोनिया जाऊन संगणक आला, यादीचा कागद सात-आठ वेळा नव्यानं लिहिला गेला, पद्धत टिकली.

टिकलं नाही ते कार्यालय. मंजूर पदं अकरा होती. एक-एक माणूस निवृत्त होत गेला आणि त्याची खुर्ची तेवढी राहिली. शेवटी साहेब, सिद्दीक, एक शिपाई आणि संगणकावर गौतमी ओव्हाळ, तीही कंत्राटी. भूमापकाचं पद नऊ वर्षं रिकामं. मोजणीचं यंत्र लेन्स फुटून कपाटात पडलेलं. या दोन तालुक्यांत कारखाने आले, कारेगावात एकेका खोलीत सहा-सहा कामगार राहू लागले, हजारो घरं उठली, आणि ती कुठं कशी उठावीत हे बघायला माणसं चार. लोकांनी भरलेलं शुल्क दरवर्षी वर जायचं आणि वरून परत यायचं ते पत्र: निधी उपलब्ध नाही.

दीड वर्षापूर्वी रोहिदास वाघचौरे साहेब आले, आणि त्यांच्या मागोमाग एक योजना आली. कामगिरी दाखवा, निधी घ्या. जे कार्यालय शंभरातली पंच्याण्णव प्रकरणं साठ दिवसांच्या आत निकाली काढील, त्याला पैशाचा हप्ता. साहेब तरुण, हुशार, बोलण्यात गोड. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "आतार, पैसा आला की पहिलं तुमचं यंत्र दुरुस्त. मग भूमापक. पण आधी आकडा दाखवावा लागेल."

"साहेब, चार माणसांत साठ दिवस जमणार कसे?"

"निकाली म्हणजे काय, आतार? मंजूर झालं तरी निकाली, आणि त्रुटी काढून परत पाठवलं तरी निकाली. अर्जदार दुरुस्ती करून पुन्हा आला की नवीन प्रकरण, नवीन क्रमांक, नवीन साठ दिवस." साहेबांनी हसून एक बोट वर केलं. "म्हणून एका पत्रात एकच त्रुटी. सगळ्या एकदम सांगायच्या नाहीत."

इथं सिद्दीकांची चूक झाली, आणि ते ती लपवत नाहीत. त्यांना यंत्र दिसलं. कपाटातनं बाहेर काढलेलं, नवी लेन्स बसवलेलं यंत्र, आणि ते खांद्यावर घेऊन निघालेला एखादा तरुण भूमापक. नऊ वर्षं तहानलेल्या माणसाला पाणी कोण देतंय हे विचारायचं सुचत नाही. त्यांना वाटलं, चार-सहा महिने लोकांना त्रास होईल, मग कार्यालय उभं राहील. खिडकीवरची यादी साहेबांच्या सांगण्यावरून काढली आणि गौतमीच्या संगणकाशेजारी लावली. आता ती लोकांसाठी नव्हती. पंचावन्नावा दिवस आला की गौतमी विचारायची, "काका, हे आलेगावचं प्रकरण. कुठली टाकू?"

"तीन नंबर टाक."

कुठली टाकू. एखाद्या सुखवस्तू घरात भाजी कुठली करू विचारावं तसं.

साहेब स्वतः कधी फाइलवर पहिली ओळ लिहीत नसत. ती रीतच नाही. खालच्यानं टिप्पणी लिहायची, 'सबब प्रकरण परत करावे' म्हणायचं, साहेबांनी खाली नुसती सही करायची. त्यामुळं दोन्ही तालुक्यांत गेलेल्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ सिद्दीकांच्या हातची होती.

आकडा अठ्ठ्याण्णवावर गेला. पहिला हप्ता आला. साहेबांच्या खोलीला काच लागली, टोकन देणारं मशीन आलं, दारावर लाल अक्षरं पळणारी पाटी आली. यंत्र कपाटातच राहिलं. सिद्दीकनी एकदा विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "दुसऱ्या हप्त्यात नक्की."

सिद्दीकांची आणखी एक जुनी सवय होती. कुठल्या प्लॉटला परवानगी मिळाली की गावाच्या नकाशावर तेवढा तुकडा ते फिक्या पिवळ्या पेन्सिलीनं रंगवत. दिवाळी झाल्यावर त्यांनी कारेगावचा नकाशा सहज उलगडला. तीनशेच्या वर प्रकरणं वर्षभरात निकाली, आणि पिवळे तुकडे एकोणीस. सगळा नकाशा पांढराफेक. गाव मात्र पांढरं नव्हतं. तिथं चार-चार मजली चाळी उभ्या राहत होत्या, ज्यांनी कधी या खिडकीत पाऊलही टाकलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गौतमीनं नेहमीसारखं विचारलं, "काका, कारेगाव. पार्वतीबाई पोपट रणपिसे. पंचावन्न झाले. कुठली टाकू?"

सिद्दीकनी प्रकरण हातात घेतलं. दोन गुंठे जागा, खानावळीसाठी स्वयंपाकघर आणि मागं दोन खोल्या. यादीवरून बोट फिरवलं. एक ते चौदा. पुन्हा फिरवलं. "काहीच नाही यात," ते म्हणाले.

"चौथी खेप आहे ना काका, संपल्या असतील."

ती हे सहज बोलली, तिच्या मनात काही नव्हतं. पण सिद्दीकांनी मान वर केली. आधीची तीन प्रकरणं काढून शेजारी मांडली. मार्चमध्ये परत: उत्तर दिशा दाखवलेली नाही. जूनमध्ये परत: उतारा तीन महिन्यांच्या आतला नाही. सप्टेंबरात परत: समोरच्या रस्त्याची रुंदी लिहिलेली नाही. तिन्ही गोष्टी पहिल्याच नकाशात, पहिल्याच दिवशी दिसत होत्या. पाच मिनिटांचं काम. त्याला जवळजवळ वर्ष लागलं होतं.

ते साहेबांकडे गेले. "साहेब, रणपिसे बाईंच्या प्रकरणात त्रुटी नाही. मंजूर करू या."

साहेबांनी मोबाइलवरून नजर काढली नाही. "स्थळपाहणी झालीय का?"

"भूमापकच नाही तर होणार कशी?"

"मग तेच लिहा. स्थळपाहणी अहवाल जोडलेला नाही, सबब परत."

"तो आपण जोडायचा असतो साहेब. अर्जदारानं नाही."

"महिनाअखेर आहे, आतार. दुसऱ्या हप्त्याचा अहवाल जायचाय. एका बाईसाठी नियमात कशाला शिरताय?"

सिद्दीक जागेवर येऊन बसले. प्रकरण पुन्हा उघडलं. आपण जायचं नाही आणि आपण गेलो नाही म्हणून तिला दंड. त्या बाईनं काय करायचं, या कार्यालयासाठी भूमापक नेमायचा? घरी मेहरुननं ताट वाढलं तर त्यांनी भाकरी मोडून तशीच ठेवली.

"अजी, काय झालं? बीपीची गोळी घेतली ना?"

"मेहरुन, मी चांगला माणूस आहे का गं?"

"आता इतक्या वर्षांनी विचारताय? घरात चहापत्ती आणायची आठवण राहत नाही, तेवढं सोडलं तर आहात," ती म्हणाली, आणि त्यांचा चेहरा बघून गोळ्यांची डबी आणायला उठली.

रविवारी त्यांनी पिशवीत मोजणीची फीत घातली आणि एसटीनं कारेगावला गेले. एक जुना आदेश होता, भूमापक नसेल तर अनुरेखकानं पाहणी करावी. कुणी तो रद्द केलेला नव्हता, कुणी वापरलेलाही नव्हता. हमरस्त्यावरून आत वळलं की दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढ्या गल्ल्या. दोन्हीकडे चाळी, वर गच्च्या एकमेकींना टेकलेल्या, खाली उघड्या गटारातनं साबणाचं पाणी. आग लागली तर बंब कुठून येणार, हा प्रश्न विचारायची ज्यांची नोकरी होती त्यांच्यातलेच एक ते होते.

पार्वतीबाईंची खानावळ एका भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, पदर खोचलेला. समोर डब्यांची रांग. एक परप्रांतीय कामगार डबा घेता घेता म्हणाला, "चाची, आज फिर बैंगन?"

"तेरी अम्मा को बोल, उधर से मटन भेज दे," बाई म्हणाल्या. मग सिद्दीकांकडे वळल्या. "काय पायजे, भाऊ? डबा संपला."

"मी नियोजन कक्षातून आलोय. तुमच्या जागेची पाहणी करायचीय."

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "सायब लोक खुर्चीवरनं उठून कारेगावात? आवो, पोपटराव, भाईर या. सूर्य कुठनं उगावला बघा."

पोपटराव बनियनवर बाहेर आले. कंपनीतली रात्रपाळी करून झोपलेले. "मी हिला मार्चपासनं सांगतोय, बांध. शेजारच्यानं चार मजलं चढवलं, त्याला कोण इचारतंय? पर हिला कागद पायजे."

"पायजेच," बाई म्हणाल्या. "तुम्ही गप ऱ्हावा." आणि सिद्दीकांना म्हणाल्या, "रस्त्याकडंची शेड हुती आमची, सायब. तीन वर्सामागं रुंदीकरणात जेसीबी आला. कागद दाखव म्हनला. न्हवता. भांडीबी काढू दिली न्हाईत. तवा मी ठरीवलं, आता कागद हातात आल्याबिगर ईट ठेवायची न्हाई. ही शेड मालकानं इकली. संक्रांतीला खाली करायची हाय. आन् तुमचा कागद काय येईना."

रिकाम्या प्लॉटवर दोघांनी फीत धरली. एक टोक बाईंच्या हातात, एक सिद्दीकांच्या. पुढची मोकळी जागा, बाजूची, मागची. मापं नकाशाबरहुकूम निघाली, अंगठ्याएवढाही फरक नाही. सिद्दीक लिहून घेत असताना बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून तीन पत्रं काढली. "ही बघा तुमची प्रेमपत्रं. ह्यात आता काय नवं लिवणार?"

सिद्दीकनी पत्रं बघितली. तिथं उन्हात उभं राहून खोटं बोलणं त्यांना जमलं असतं. खाली साहेबांची सही होती.

"ही मी लिहिलीत, ताई."

बाईंच्या हातातली फीत सैल पडली. "तुम्ही?"

"हो."

"आन् ह्या तिनी गोष्टी पयल्याच दिशी दिसत हुत्या?"

"दिसत होत्या."

"मंग सांगितल्या का न्हाईत?" बाईंचा आवाज वर गेला. शेजारच्या गच्चीवरून दोन बायका वाकल्या. "तोंड न्हवतं तुमाला? प्रत्येक डाव मी चाळीस डबं दुसरीच्या गळ्यात घालून शिरूरला येत हुते. टोकन घिऊन बसत हुते. त्या मशीनची बाई बोलती ना, 'कृपया प्रतीक्षा करा', तिला मी शिव्या घालत हुते. आन् शिव्या घालायचं मानूस तर आत बसलं हुतं व्हय!"

पोपटराव म्हणाले, "जाऊ दे गं."

"का जाऊ दे? मी चोरून बांधत न्हाई म्हनून माझी चेष्टा? त्यो शेजारचा चोर, त्याला येक पत्र न्हाई. माझ्या पदरात तीन!"

सिद्दीकनी फीत गुंडाळून पिशवीत घातली. निघताना बाई मागून म्हणाल्या, "जेवून जावा. पन पैसं द्यावं लागतील. फुकट न्हाई."

ते जेवले. साठ रुपये दिले. बाईंनी मोजून घेतले.

सोमवारी सिद्दीकनी फाइलवर टिप्पणी लिहिली. 'स्थळपाहणी केली. मापे नकाशाप्रमाणे आहेत. प्रकरणात कोणतीही त्रुटी नाही. सबब परवानगी द्यावी.' खाली सही, तारीख, आणि त्या जुन्या आदेशाचा क्रमांक.

दुपारी फाइल परत आली. कोपऱ्यात बारीक अक्षरात दोनच शब्द: चर्चा करावी.

सरकारी कार्यालयात या दोन शब्दांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. लिहिलंत ते मला आवडलेलं नाही, येऊन दुसरं लिहा. सिद्दीक काचेच्या खोलीत गेले. दार लावलं, पण काचेला कान असतात. गौतमीनं टाइप करणं थांबवलं.

"सिद्दीकभाई, बसा," साहेब म्हणाले. आतारचे सिद्दीकभाई झाले होते. "तुम्हाला दोन वर्षं राहिलीत. कशाला डोक्याला ताप? एक मंजूर केलं की बाकीचे चाळीस विचारणार, आमचं का नाही."

"विचारू देत. त्यांचंही करू या."

"भूमापक कुठाय?"

"तेच मी विचारतो तुम्हाला, साहेब. कुठाय?" सिद्दीक बसले नाहीत. "पैसे आले. काच आली. यंत्र कुठाय? मी रविवारी फीत घेऊन एसटीनं गेलो. तुम्हाला कारेगावचा नकाशा दाखवू? एकोणीस तुकडे. अठ्ठ्याण्णव टक्के म्हणून तुम्ही ज्याचा सत्कार घेतलात ना, ते एकोणीस तुकडे आहेत. बाकी सगळे लोक आपण दारातनं हाकललेले आहेत, आणि एकेक तीन-तीनदा मोजलेले आहेत."

"आवाज खाली."

"नाही होत साहेब. पहिल्यांदाच चढलाय, उतरवायचा कसा ते माहीत नाही."

साहेबांनी फाइल पुढं सरकवली. "टिप्पणी बदला."

"नाही. तुम्हाला परत पाठवायचं असेल तर तुम्ही लिहा. स्थळपाहणी झालेली आहे, तरी झालेली नाही असं तुमच्या अक्षरात लिहा आणि सही करा."

साहेबांनी पेन उचललं. ठेवलं. पहिली ओळ लिहायची म्हणजे ती कुणाची हे पुढं कुणीही विचारू शकतं. "ठेवून जा," ते म्हणाले.

फाइल साहेबांच्या टेबलावर राहिली. अठ्ठावन्नावा दिवस गेला. एकोणसाठावा गेला. साठाव्या दिवशी, बुधवारी, सिद्दीकनी पार्वतीबाईंना फोन करून बोलावून घेतलं. बाई बाकावर येऊन बसल्या. टोकन घेतलं नाही.

चार वाजता सिद्दीक आत गेले. "साहेब, आज साठ झाले. कार्यालयानं काही कळवलं नाही, तर नियमात बसणारी परवानगी दिली असंच धरलं जातं. आणि अशी परवानगी महिन्याच्या अहवालात वेगळ्या रकान्यात दाखवावी लागते. तो रकाना आजवर आपला कोरा आहे. त्यात एक जरी आकडा पडला तरी दुसरा हप्ता थांबतो. योजनेच्या परिपत्रकात पान सहा."

साहेबांचा चेहरा उतरला. त्या बाईची शेड, तिचे चाळीस डबे, वर्षभराच्या खेपा, यांतलं काहीही त्या काचेतून आत गेलं नव्हतं. रकाना मात्र आत गेला. साहेबांनी पान सहा उघडून बघितलं. मग फाइल ओढली आणि सही केली, इतक्या जोरात की पेनाचं टोक कागदात रुतलं.

"खूश?" साहेब म्हणाले. "तुम्हाला उद्यापासून दौंडच्या अभिलेख कक्षात पाठवतोय. जुनी कागदपत्रं लावत बसा. आदेश घेऊन जा."

"खूश?" सिद्दीक म्हणाले. "ज्या कामाला पाच मिनिटं लागतात त्यासाठी मला साहेबांना धमकी द्यावी लागली. यात खूश होण्यासारखं तुम्हाला काय दिसलं?"

परवानगीचा कागद छापून झाला तेव्हा साडेपाच होत आले होते. पार्वतीबाईंनी तो खिडकीत उभं राहूनच वाचला. सावकाश, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. शिपाई दारं लावायला घुटमळत होता. बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वाचून झाल्यावर कागद पिशवीत घातला. आभार मानले नाहीत, आणि सिद्दीकांना ते बरं वाटलं.

"चार डाव शुल्क भरलंय मी," बाई म्हणाल्या. "येक डावाचं तुमचं. तीन डावाचं परत द्या."

साहेब पिशवी खांद्याला लावून बाहेर येत होते. ते थांबले. "बाई, परवानगी मिळाली ना? तशी तरतूद नाही."

"न्हाई तर न्हाई. तरतूद न्हाई, असं लिवून द्या."

"असं लिहून देता येत नाही. तुमचा तसा अर्ज कुठाय?"

बाईंनी सिद्दीकांकडे बघितलं. सिद्दीक त्यांच्या खुर्चीवर बसले, ती खुर्ची त्या संध्याकाळपुरतीच त्यांची होती, आणि एक कोरा कागद पुढं ओढला. अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य. 'दिनांक अमुक रोजी सादर केलेल्या पहिल्याच नकाशात सर्व त्रुटी दिसत असताना त्या एकेक करून कळवण्यात आल्या. त्यामुळे मला तीन वेळा जादा शुल्क भरावे लागले. ते परत मिळावे. अन्यथा का मिळत नाही ते लेखी कळवावे.' बाईंनी खाली सही केली, पार्वती पोपट रणपिसे, पूर्ण नाव, रेघेवर.

"आतार, तुम्ही शासनाच्या विरोधात अर्ज लिहून देताय," साहेब म्हणाले.

"माझी सुट्टी साडेपाचला होते, साहेब. पाच-चाळीस झाले."

"गौतमी, संगणक बंद कर."

गौतमीचं कंत्राट अकरा महिन्यांचं. जानेवारीत संपणार होतं, आणि नवं करायचं की नाही हे साहेबांच्या हातात होतं. तिचा हात बटणाजवळ गेला. ती सिद्दीककाकांकडे बघत नव्हती, साहेबांकडेही नाही. खिडकीतून आत आलेल्या त्या कागदाकडे बघत होती. मग तिनं हात मागं घेतला, कागद ओढला, आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि पोच पार्वतीबाईंच्या हातात दिली.

"माझ्या गल्लीत अजून सात जनी हाएत," पोच घडी करत बाई म्हणाल्या. "सगळ्यांची नावं सांगू, का उद्या घिऊनच येऊ?"

"घेऊनच या, ताई," गौतमी म्हणाली. "काका नसतील. पण मी आहे."